वाट्याला आलेली गोळी

अंगठा सुजला म्हणून रजेचा अर्ज टाकला, की आमचे साहेब आधी हसायचे आणि मग सही करायचे. हार्टच्या पेशंटची लोक आवाज खाली करून चौकशी करतात, डायबेटिसवाल्याला कारल्याचा रस सुचवतात. गाउटवाल्याला मात्र डोळा मिचकावून विचारतात, "काय, पार्ट्या जोरात दिसतात!" मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. मला पार्टीला कोण बोलावणार? पण या रोगाची बदनामीच जुनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर अख्खा अध्याय आहे आणि तिथेही त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे पैसेवाल्यांचा वात. बाकी सगळं बदललं, हा टोमणा तेवढा टिकला.

ज्याला होतो त्याला यातलं काही सुचत नाही. मध्यरात्र उलटली की अंगठ्याचं मूळ पेटतं. चादरीची कड लागली तरी जीव जातो. शेजारून कोणी जरा पाय आपटत गेलं तर फरशीचा हादरा थेट त्या सांध्यात पोचतो. कारण म्हणाल तर एका ओळीचं. शरीरात प्युरीन मोडलं की युरिक ॲसिड तयार होतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते पुढे मोडून टाकणारं एक विकर असतं, ते आपल्या वानर-पूर्वजांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावलं. मग रक्तात त्याचा आकडा ६.८ च्या वर गेला की ते विरघळलेलं राहत नाही. त्याचे स्फटिक होतात आणि सांध्यात जाऊन बसतात. पूर्वजांचं ऋण म्हणतात ते हे असंही असतं!

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या ऋणाबद्दल. ज्यांची माझी ओळख नाही आणि व्हायची शक्यताही नाही, अशा लोकांचं. त्यातल्या एकाशी मात्र झाली.

पहिला अटॅक आल्यावर सोसायटीतल्या प्रत्येकाने मला काहीतरी बंद करायला सांगितलं. तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, मसूर तर बघायचीसुद्धा नाही. बायकोने महिनाभर मुगाचं पाणी आणि दुधी यावर मला जगवलं. आमच्या डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. अमेरिकेत सत्तेचाळीस हजारांहून जास्त पुरुषांचा बारा वर्षं मागोवा घेऊन २००४ साली एक अभ्यास छापून आला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, डाळी आणि पालेभाज्या खाणाऱ्यांना नाही. त्या पुरुषांत दंतवैद्य होते, पशुवैद्य होते, औषधविक्रेते होते. आठवड्यातून कितीदा काय खाल्लं याचे लांबलचक तक्ते ती मंडळी वर्षानुवर्षं भरून पाठवत राहिली. माझा वरणभात मला परत मिळाला तो त्यांच्यामुळे. अमेरिकेतल्या कुठल्याशा दातांच्या डॉक्टरचे उपकार आपल्या वरणावर असतात, हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

पथ्याने भागलं नाही. ॲलोप्युरिनॉल सुरू झालं, पण माझं क्रिएटिनिन काठावर, त्यामुळे डॉक्टर डोस वाढवायला धजेनात आणि आकडा काही सहाच्या खाली येईना. अटॅक चालूच. तेव्हा डॉक्टरांनीच सांगितलं, की पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये युरिक ॲसिडच्या नव्या औषधाची चाचणी चाललीय, बघा जमतंय का. घरात आधी भांडण झालं. "उंदीर संपले का त्यांचे?" हा बायकोचा सवाल. मी गेलो. धैर्याने नाही, पाय दुखत होता म्हणून.

तिथे कोऑर्डिनेटर मॅडम भेटल्या. त्यांनी संमतीपत्राची मराठी प्रत माझ्यासमोर ठेवली आणि पान न् पान वाचून दाखवलं. मी धंद्याने वाचणारा, मला घाई. त्या मात्र प्रत्येक पानाशेवटी थांबून विचारायच्या, "काका, आत्ता मी काय वाचलं ते तुमच्या शब्दांत सांगा." दोन गट. एकाला नवं औषध, दुसऱ्याला बाजारात मिळणारं फेब्युक्सोस्टॅट. कोणी कुठल्या गटात जायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. गोळ्या दिसायला सारख्या. मला काय मिळतंय ते मला कळणार नाही, मॅडमना नाही, डॉक्टरांनाही नाही. आणि केव्हाही, कारण न देता, उठून निघून जायची मुभा. हे शेवटचं त्यांनी दोनदा वाचलं.

समोर कॅमेरा लावलेला. २०१३ च्या अखेरीस नियम आला होता, की चाचणीत घेण्याआधी माणसाची संमती चित्रित करून ठेवायची. त्यामागे इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात नेलेलं प्रकरण होतं. आपल्यावर काय प्रयोग चाललाय हे न सांगताच ज्यांना औषधं दिली गेली, त्यांच्या तक्रारींचं. मॅडमना माझ्यासाठी एवढा वेळ काढावा लागत होता तो त्या लोकांच्या हालांमुळे. पुढे हा नियम थोडा सैल झाला. मला विचाराल तर तो तसाच राहायला हवा होता.

माझ्या आधी कॅमेऱ्यासमोर बसून आलेले गृहस्थ फेटा बांधून आले होते. "शूटिंग आहे म्हणाले, मग काय बोडकं बसायचं?" हेच वस्ताद. मूळचे सातारा भागातले, पण पुण्याच्या तालमीत सारी हयात गेलेली. मांड्या अजून खांबासारख्या आणि पायात मात्र अंगठ्याला भोक पाडलेला कॅनव्हासचा बूट. माझ्या नाकावरचा चष्मा बघून त्यांनी मला मास्तर करून टाकलं. मी एकदा सांगून पाहिलं की मी मास्तर नव्हे. उपयोग झाला नाही.

वस्तादांच्या कानांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कोड्यात टाकलं. गाउट जुना झाला की कानाच्या पाळीवर गाठी येतात. पण पैलवानाचे कान मुळातच मोडलेले, गाठाळलेले असतात. आता यातली गाठ कुस्तीची कुठली आणि युरिक ॲसिडची कुठली? शेवटी एका गाठीत बारीक सुई घालून पाहिलं तर पांढरा, घट्ट लगदा आला. तो काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. डॉक्टर हौशी होते. त्यांनी वस्तादांना बघू दिलं आणि मी मागेच घोटाळत होतो म्हणून मलाही. सुयाच सुया. एका दिशेला लवंडलेल्या पिवळ्या, आडव्या पडलेल्या निळ्या. तबकडी फिरवली, की पिवळ्या होत्या त्या निळ्या झाल्या. वस्ताद बराच वेळ डोळा लावून होते. मग म्हणाले, "एवढंसं हे? आणि हे मला लोळवतंय?"

या सुयाच दुखण्याचं मूळ आहेत हे ठरलं तेही कोणाच्या तरी गुडघ्याच्या जिवावर. सांध्यातल्या पाण्यात हे स्फटिक असे प्रकाशाची युक्ती करून ओळखायची पद्धत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये मांडली. पण स्फटिक दिसतात म्हणजे त्यांच्यामुळेच दुखतं असं कुठे? तेव्हा मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी फेअर्स यांनी प्रयोगशाळेत तयार केलेले स्फटिक स्वतःच्या धडधाकट गुडघ्यांत टोचून घेतले. गुडघे सुजले, असह्य दुखले, आणि १९६२ मध्ये ते सारं 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हे मी वस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसता हात जोडून नमस्कार केला. कोणत्या दिशेला ते त्यांनाच माहीत.

चाचणी सुरू होण्याआधी जुनं औषध सोडावं लागतं. काही दिवस काही घ्यायचं नाही आणि आकडा वर जाऊ द्यायचा. आठच्या पुढे गेला तरच प्रवेश. हा सगळ्यांत वाईट काळ. आजारी माणसाला शुद्धीत राहून आपला आजार वाढू द्यायचा असतो. आणि गोळी सुरू झाली म्हणजे सुटलो असंही नाही. आकडा झपाट्याने उतरू लागला की जुने साठे हलतात आणि पहिल्या काही महिन्यांत उलट जास्त अटॅक येऊ शकतात. म्हणून सोबत कोल्चिसिन. दुखलं की डायरीत लिहायचं: कुठला सांधा, किती दुखलं, किती वेळ. दर भेटीला उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या, मॅडम त्या ट्रेमध्ये मोजायच्या. वस्तादांची डायरी मी वाचली आहे. एका पानावर फक्त एवढंच: 'लई.' मॅडमनी ते शून्य ते दहात बसवायला सांगितलं तेव्हा त्यांनी अकरा लिहिलं.

आमच्या रक्ताचे सगळे आकडे आम्हाला सांगत, एक सोडून. युरिक ॲसिडचा. तो कळला तर कोण कुठल्या गटात आहे याचा अंदाज येईल, म्हणून तो ना आम्हाला ना तिथल्या डॉक्टरांना, थेट कंपनीच्या बंद फायलीत. बाहेरच्या लॅबमध्येही तपासायचा नाही, असं बजावलेलं. ज्या एका आकड्यापायी एवढा खटाटोप, तोच आपल्याला माहीत नाही! माझ्या घराखालीच पॅथॉलॉजी लॅब आहे. रोज सकाळी तिच्यासमोरून दूध आणायला जाताना माझे पाय अडखळत. वस्ताद तसल्या मोहात अडकून पडणारे नव्हते. ते सरळ तपासून आले. पुढच्या भेटीला वेटिंग रूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, चार पॉइंट आठ! कळलं ना कुठली गोळी लागली आपल्याला?" मॅडम आतून धावत आल्या. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "काका, तुम्हाला मी हे समजावलं होतं की नाही?" वस्ताद शाळेतल्या पोरासारखे उभे. मॅडमनी त्याचीही नोंद केली. तिथे चुकीचीसुद्धा नोंद होते, खाडाखोड चालत नाही, चुकलेल्यावर एक रेघ आणि बाजूला सही-तारीख. माझ्या धंद्यातली शिस्त. मला ते फार आवडलं.

पण सगळ्यांत जास्त वेळ मी जिच्याबद्दल विचार केला ती बाई या सगळ्याच्या आधीची. गर्ट्रूड एलियन. न्यू यॉर्कची. आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यातून तिने रसायनशास्त्र घेतलं. पण बाईला प्रयोगशाळेत नोकरी कोण देणार? काही काळ ती एका कंपनीत लोणच्यांची आंबटता तपासत होती. पुढे बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडे लागली. पीएचडी तिने कधीच केली नाही, १९८८ चं नोबेल मात्र दोघांना विभागून मिळालं, तिसरे जेम्स ब्लॅक. तर ॲलोप्युरिनॉल तिने गाउटसाठी शोधायला घेतलंच नव्हतं. ल्युकेमियाचं औषध शरीरात लवकर मोडू नये, म्हणून जोडीला द्यायचं ते. ड्यूक विद्यापीठाच्या वेन रंडल्स यांनी ते आपल्या रोग्यांना दिलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की यांचं युरिक ॲसिड धडाधड खाली येतंय. तिथून ते गाउटकडे वळलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. ल्युकेमियाला तेव्हा फारसा इलाज नव्हता. त्या रोग्यांतले किती वाचले असतील याचा विचार न केलेला बरा. रात्री जेवणानंतर जी गोळी आम्ही लाखो लोक पाण्याबरोबर गिळतो, ती आधी त्यांनी गिळली. स्वतःसाठी, आणि आमची गणती नसताना आमच्यासाठी.

चाचणीच्या मधल्या टप्प्यात एक दिवस वस्ताद आले नाहीत. नंतर कळलं, त्यांचं एसजीपीटी चढलं होतं, नेहमीच्या कितीतरी पट. गोळी ताबडतोब बंद. यकृत म्हटलं की पहिला प्रश्न दारूचा येतो. तो आला आणि वस्ताद मनातून फार दुखावले. "मास्तर, थंडाईपलीकडे या तोंडाला काही लागलं नाही. आणि ती पोरं मला तीन-तीनदा विचारतायत." कोणी काढा दिला का, भस्म घेतलं का, दुखलं म्हणून दुकानातून काही आणलं का, सगळं विचारून झालं. सोनोग्राफी झाली. खर्च कंपनीचा, तसा कायदाच आहे. हळूहळू आकडा आपणहून उतरला.

ते पुढच्या भेटीला हजर! गोळी बंद झाली तरी ठरलेल्या तारखांना येऊन रक्त द्यायचं असतं, म्हणजे पुढे काय झालं ते कळतं. पण सक्ती नसते. बरेच जण येत नाहीत. मी विचारलं, "वस्ताद, आता कशाला हेलपाटा?" तर म्हणाले, "नाव दिलंय नव्हं?"

त्या तीन शब्दांचं वजन मला काही वर्षांनी कळलं. फेब्युक्सोस्टॅटने हृदयाला धोका होतो का, हे पाहणाऱ्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतले ६,१९० रुग्ण, सगळे गाउटबरोबर हृदयविकार असलेले. ॲलोप्युरिनॉलवाल्यांपेक्षा या गटात हृदयविकाराने मृत्यू जास्त निघाले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. मी तेव्हा फेब्युक्सोस्टॅटवरच होतो, त्यामुळे बातमी वाचून चहा गार झाला. पण त्या चाचणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी गोळी मध्येच सोडली होती आणि पुष्कळजण तपासणीलाही यायचे थांबले होते. मग निकालावर भरवसा किती ठेवायचा, यावर तज्ज्ञांचे वाद. २०२० मध्ये ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या सहा हजारांवर लोकांची दुसरी चाचणी छापून आली. तीत तसा जादा धोका दिसला नाही. आमच्या डॉक्टरांनी माझा ईसीजी, टूडी एको पाहून औषध तेच ठेवलं. दोन्हीकडचे मिळून बारा हजारांवर लोक. जे शेवटपर्यंत येत राहिले त्यांच्या जोरावर एक डॉक्टर पुण्यात बसून मला म्हणाला, "चालू ठेवा."

पुन्हा चाचणीकडे येतो. वस्तादांच्या त्या प्रकारानंतर काही आठवड्यांनी मॅडमनी मला नवीन संमतीपत्र दिलं. पुन्हा वाचा, पुन्हा सही. तळाशी आवृत्ती बदललेली. मी घरून जुनी प्रत घेऊन गेलो होतो. दोन्ही शेजारी ठेवून, ओळीवर पट्टी सरकवत, जशी आयुष्यभर प्रुफं वाचली तसं वाचलं. संभाव्य धोक्यांच्या यादीत एक ओळ वाढली होती. काही सहभागींमध्ये यकृताच्या तपासणीचे आकडे वाढल्याचं त्यात म्हटलं होतं. बस. या 'काहीं'मध्ये परदेशातले किती, इथले किती, ते मॅडमनाही माहीत नव्हतं. पण त्यातला एक बाहेरच्या बाकावर बसून शिपायाला डाव समजावून सांगत होता. हजारो ओळी मी तपासल्या असतील. ज्या ओळीतला माणूस मी ओळखतो अशी ती एकच.

बायको म्हणाली, सोडा आता. कारण न देता निघायची मुभा होतीच. मी सही केली.

आमचं औषध बाजारात आलं नाही. चाचणी संपल्यावर काही काळाने कळलं की कंपनीने काम गुंडाळलं. त्याला नाव मिळायच्या आधीच ते गेलं, आमच्या कागदांवर नुसता एक लांबलचक नंबर होता. पुढे मॅडमचा फोन आला. गट उघड झाले होते. "काका, तुम्ही फेब्युक्सोस्टॅटच्या गटात होता." म्हणजे दुकानात मिळतं तेच. आणि वस्ताद? दुसऱ्याचं सांगता येत नाही, म्हणाल्या. नियमच तसा. मॅडमना नियमाबाहेर कोण नेणार! पण त्यांनी वस्तादांनाही कळवलंच होतं, आणि वस्तादांना नियमाचं काय?

तालमीजवळच्या हॉटेलात त्यांनी मला बोलावून घेतलं. नवी गोळी त्यांच्या वाट्याला होती. कॉम्प्युटरने चिठ्ठी उलटी टाकली असती तर ते एसजीपीटी कदाचित माझं असतं. काठावरच्या क्रिएटिनिनसकट. मी हे कसंबसं बोलून दाखवलं. आभार कसे मानायचे ते कळत नव्हतं, कारण त्यांनी काही माझ्यासाठी ती उचलली नव्हती.

वस्ताद हसायला लागले. "म्हणजे मास्तर, एवढं वर्षभर तुम्ही नुसते फडात बसून कुस्ती बघत होता!"

"तसंच म्हणायचं."

"आणि मला वाटत होतं आपली जोड लागलीय." मिसळीत पाव बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, "आता युरिक किती तुमचं?"

"पाच पॉइंट चार."

"माझं पाच पॉइंट एक. साधं ॲलोप्युरिनॉल चालू आहे, आपल्या डॉक्टरचं." आणि त्यांनी वेटरला हाक मारून बिल माझ्याकडे द्यायला सांगितलं.